चौथ्या ओळीतली खिडकी

नोव्हेंबर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारच्या टपालाने, पाण्याच्या जुन्या टाकीसमोरील तीन मजली इमारतीत सर्वांत वरच्या घरी, टपाल छायाचित्र मंडळाच्या एकेचाळिसाव्या फेरीची पेटी मंडळाच्या कार्यवाहांना मिळाली. पेटीची दोरी शाबूत होती, कोपरे ठेचलेले नव्हते आणि आतल्या एकाही छायाचित्रावर ओरखडा नव्हता. कार्यवाहांनी हे सर्व पोचपावतीवर लिहून सही केली, आणि ते अक्षरशः खरे होते. त्यामुळे पुढे जे घडले त्याचे खापर टपालखात्यावर फोडण्याची सोय उरली नाही.

मंडळाचे सदस्य वेगवेगळ्या गावांत राहत. बहुतेकांनी एकमेकांची तोंडे पाहिलेली नव्हती. पाहिलेली होती ती एकमेकांची छायाचित्रे. लाकडी पेटी एकाकडून दुसऱ्याकडे टपालाने जाई. ज्याच्या घरी ती पोचे त्याने आपले मागच्या फेरीचे छायाचित्र इतरांच्या अभिप्रायांसह काढून घ्यावे, त्या जागी नवे ठेवावे, बाकीच्यांच्या छायाचित्रांवर स्वतःचे मत लिहावे आणि शनिवारी टपालकचेरी बंद होण्यापूर्वी पेटी पुढे रवाना करावी, अशी रीत होती. छायाचित्रावर नाव नसे, फक्त क्रमांक असे. पाठीमागे अभिप्रायाची पाने शिवलेली असत, प्रत्येक सदस्याला एक. आणि त्याखाली एक पाकीट चिकटवलेले असे, ज्यात काढणाऱ्याने आपल्या चित्राविषयी काय सांगायचे ते लिहून ठेवावे. मात्र स्वतःचे पान लिहून होईपर्यंत ते पाकीट उघडायचे नाही आणि दुसऱ्याचे पानही उलटायचे नाही. आधी पाहावे, मग लिहावे, मग वाचावे. हा क्रम कार्यवाहांनीच घालून दिला होता. चित्राला शेजारी उभ्या असलेल्या काढणाऱ्याचा टेकू लागत असेल तर ते चित्र नव्हे, अशी त्यांची ठाम धारणा होती आणि तिच्या समर्थनार्थ त्यांनी मंडळाच्या परिपत्रकात तीन वेळा सविस्तर लिहिले होते.

दुसरा एक नियम त्यांचाच होता, आणि तो अधिक कडक होता. दुसऱ्याच्या छायाचित्रावर पेन्सिल, ब्रश वा पाते लावणाऱ्याचे सदस्यत्व जाईल. ज्याचे छायाचित्र त्याने माफ केले तरच राहील.

बुधवारी सकाळी कार्यवाह उत्तरेकडच्या खिडकीशी टेबल ओढून बसले. आधी त्यांनी आपले स्वतःचे छायाचित्र पेटीत घालण्यायोग्य केले. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की कागदावर तेवढी जागा पांढरी राहते, आणि मग बारीक ब्रशाने, पाणी घातलेल्या शाईने, ती आजूबाजूच्या करड्या रंगात बेमालूम मिसळेपर्यंत भरावी लागते. कार्यवाहांनी आयुष्यभर नगररचना खात्यात नकाशे काढले होते. अशा कामात त्यांचा हात धरणारे मंडळात कोणी नव्हते, आणि हे मंडळात सर्वांना त्यांच्याकडूनच कळलेले होते. दगडी जिन्याच्या आपल्या चित्रातले ठिपके त्यांनी भरले, मान मागे घेऊन पाहिले, आणि ब्रश हातात असतानाच पेटीतले पुढचे छायाचित्र समोर घेतले.

ते बाराव्या क्रमांकाचे होते. बारावा क्रमांक याच फेरीत भरला होता. म्हणजे हे एका नवख्या माणसाचे पहिले चित्र होते. एका मोठ्या इमारतीची मागची बाजू. पहाटेचा सपाट उजेड, भिंतीवरून उतरणारे पाण्याचे नळ, आणि ओळींमागून ओळी खिडक्यांच्या, सगळ्या काळ्या. कागद चकचकीत, छपाई नेटकी, काळ्या रंगातही बारकावे राखलेले. नवख्याचा हात बरा आहे, असे कार्यवाहांच्या मनात आले, आणि त्याच क्षणी त्यांना तो दिसला. वरून चौथ्या ओळीतल्या एका खिडकीत, ऐन काळ्या भागात, पांढरा ठिपका.

पेटी येथून नेत्रतज्ज्ञांकडे जायची होती. मंडळात त्यांना सगळे भिंग म्हणत, कारण ते प्रत्येक छायाचित्र भिंगाखाली धरल्याशिवाय मत देत नसत आणि दिलेले मत सहसा विसरता येत नसे. मागे एका नव्या सदस्याला त्यांनी लिहिले होते, ‘चित्रावर धूळ बसली आहे की हे धुळीचेच चित्र आहे, याचा निर्णय मला करता आला नाही.’ त्या सदस्याने पुन्हा कधी छायाचित्र पाठवले नाही. कार्यवाहांना ती गोष्ट लागून राहिली होती. आता पुन्हा एक नवा माणूस, पुन्हा एक विसरलेला ठिपका, आणि पुढच्या घरी ते भिंग. ब्रश ओला होता. शाई त्याच काळ्याची होती.

येथे कोणी विचारील की ज्याने नियम लिहिला त्याला त्या क्षणी नियम आठवला नाही काय. आठवला. परंतु नियम उपद्रवासाठी आहे आणि हा उपकार आहे, असा भेद कार्यवाहांच्या बुद्धीने तत्परतेने करून दिला. वाद घालण्याची सवय असलेल्या बुद्धीला स्वतःशी वाद घालताना फारसा विरोध होत नाही. तीन हलके स्पर्श झाले. ठिपका नाहीसा झाला. कार्यवाहांनी चित्र तिरपे धरून पाहिले. कोठे चकाकी तुटली नव्हती.

मग त्यांनी पेन उघडले आणि आपल्या पानावर, पक्क्या शाईत, लिहिले: ‘छपाई उत्तम. रचना काटेकोर. परंतु नजर ठरेल अशी एकही जागा या चित्रात नाही. सर्व खिडक्या सारख्याच रिकाम्या आहेत. छायाचित्रकार येथे कशासाठी थांबला ते चित्रावरून कळत नाही.’

सही केली, शाई टिपून घेतली आणि पाकीट उघडले.

‘ही रुग्णालयाची मागची बाजू आहे,’ आत लिहिले होते. ‘माझे वडील बरेच आठवडे अंथरुणावर होते. उभे राहतील असे डॉक्टर खात्रीने सांगत नव्हते. सकाळी भेटू देत नाहीत, म्हणून कामावर जाताना मी मागच्या रस्त्यावरून नुसते वर बघून जात असे. चौथ्या ओळीतल्या खिडकीत पांढरे दिसते आहे ते माझे वडील. त्या दिवशी ते पहिल्यांदा उभे राहिले. खाली मी आहे हे त्यांना माहीत नव्हते.’

कार्यवाहांनी कागद घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवला. मग काढला, पुन्हा वाचला. मग इतरांची पाने उलटली. त्यांच्या आधी पेटी ज्यांच्याकडे होऊन आली होती त्या सर्वांनी लिहिले होते. एकाने लिहिले होते, ‘सगळी इमारत त्या एका पांढऱ्यासाठी आहे.’ दुसऱ्याने, ‘इतक्या खिडक्यांत एक माणूस. मी बराच वेळ पाहत राहिलो.’ तिसऱ्याने फक्त, ‘वा.’

छायाचित्र त्यांनी उजेडाकडे धरले, आडवे धरले, नाकाशी नेले. चौथ्या ओळीत खिडक्या होत्या. त्यांतली कोणती, हेसुद्धा आता मोजल्याशिवाय सांगता येत नव्हते.

दुपारी बायको दुकानातून जेवायला घरी आली. कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान तिचे होते. गेली कित्येक वर्षे गल्लीतल्या सर्वांचे खोकले, पित्त आणि भांडणे तिच्या काउंटरवरून जात होती. जेवताना कार्यवाहांनी सहज आवाजात विचारले,

“अगं, दुकानात अमोनिया असतो का? सौम्य?”

“असतो. कशाला?”

“असाच.”

“असाच अमोनिया कोणी मागत नाही. सरबत तर करायचं नसेल.” तिने ताट सरकवले. “चेहरा बघितलाय का आरशात? कोणी गेलंय का मंडळातलं?”

“कोणी गेलेलं नाही.”

“मग?”

कार्यवाहांनी सांगितले. सांगताना त्यांनी क्रम सोडला नाही: आधी भिंगाचा पूर्वेतिहास, मग नवख्यांच्या मनःस्थितीविषयी चार वाक्ये, मग ठिपक्यांचे तंत्र, आणि अगदी शेवटी, जवळजवळ तळटीप असावी तसे, चौथ्या ओळीतली खिडकी. सगळे संपल्यावर तिने विचारले,

“म्हणजे त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला तुम्ही काळं फासलंत?”

“काळं फासलं म्हणू नकोस. छटा जुळवली.”

“बरं. छटा जुळवलीत. आता अमोनियाने ती निघेल?”

“शाई कागदात मुरलीय. छायाचित्र पुठ्ठ्यावर डकवलेलं आहे, पाण्यात बुडवता येत नाही. कापसाच्या टोकाने थोडं थोडं लावलं तर कदाचित फिकी होईल. कदाचित चकाकी जाईल आणि भोवती कडं उठेल.”

“म्हणजे म्हातारा परत यायचा नाही, आणि खिडकी मात्र जाईल.”

“तू मदत करतेयस की चेष्टा?”

“दोन्ही. अमोनिया मी देणार नाही. उद्या पुन्हा माझ्याच नावाने ओरडाल.”

त्या दुपारी कार्यवाहांनी मार्ग मोजले. गप्प राहून पेटी पुढे पाठवावी, तर मागच्या पानांवर तिघांनी त्या पांढऱ्याची स्तुती लिहून ठेवलेली. भिंग ती पाने उलटणार, मग चित्र उलटणार, मग आपले भिंग काढणार. आणि शाई चित्रात नंतर भरलेली आहे हे त्यांच्यापासून लपणार नाही. त्यापुढचा प्रश्नही साधा होता. आधीच्यांनी पांढरे पाहिले, मग पेटी कार्यवाहांकडे गेली, मग पांढरे नाही. या मांडणीत विचार करण्यासारखे काही उरत नव्हते. बरे, स्वतःचे पान फाडावे, तर पाने शिवलेली आणि क्रमांक टाकलेली. तीही त्यांचीच सूचना.

रात्री झोप लागली नाही ती केवळ सदस्यत्वाच्या भीतीने, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल; परंतु मुख्यतः त्याच भीतीने. नोकरी संपल्यापासून त्यांच्या आठवड्याला जी बांधणी होती ती या पेटीची होती. पेटी येण्याची वाट पाहायची, आली की पाहायचे, गेली की परिपत्रक लिहायचे. गावोगावच्या अनोळखी माणसांनी त्यांच्या जिन्यांवर, पुलांवर, ओल्या दगडांवर लिहिलेली पाने त्यांनी कपाटात लावून ठेवली होती. बोलण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते आणि ते ऐकून घेणारी एवढीच माणसे होती, तीही टपालाने.

गुरुवारी बायको दुकानात गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली आणि पाते काढले. हा शेवटचा मार्ग होता. चकचकीत कागदाचा वरचा थर पात्याच्या टोकाने हलकेच खरवडला की खालचा पांढरा कागद उघडा पडतो. छायाचित्रातला नको असलेला काळा डाग पुष्कळजण असाच घालवतात. शाई काढता येत नसली तरी तिच्या जागी पांढरे तर आणता येईल. खिडकी त्यांनी मोजून शोधली, टाचणीच्या टोकाएवढी शाईची जागा भिंगाखाली पकडली, मनगट पुठ्ठ्यावर टेकवले.

आणि तेथेच ते थांबले, कारण केवढे खरवडायचे ते त्यांना माहीत नव्हते.

गोल होता का तो? उभट होता? खिडकीच्या मध्ये होता की एका कडेला? वरचे टोक झुकलेले होते का? माणूस होता तर डोके असणार, खांदा असणार. निदान एका बाजूला काही फुगीर असणार. कार्यवाहांनी डोळे मिटले आणि बुधवारची सकाळ पुन्हा समोर आणली. ब्रश आला, शाईची वाटी आली, भिंगाचे धुळीविषयीचे वाक्य शब्दशः आले. ठिपका आला नाही. त्यांनी त्या जागेकडे पाहिले होते, ती भरली होती, इतक्या काळजीने की कडेची एक रेषही सुटू नये. आणि तरी तिचा आकार त्यांना सांगता येत नव्हता. ठिपका आहे हे समजल्याबरोबर त्यांनी पाहणे बंद केले होते.

कचेरीत असे कधी झाले नव्हते. नकाशावर कोठेही नोंद नसलेला ठिपका दिसला तर तो धूळ आहे, शाईचा शिंतोडा आहे की कोणाची विहीर, हे मोजणीदाराला विचारल्याशिवाय त्यांनी कधी खोडला नव्हता. एकदा एका ठिपक्यासाठी त्यांनी साहेबांना आठवडाभर थांबवून ठेवले होते, आणि अखेर ती खरोखरच विहीर निघाली होती. नकाशाला जो मान त्यांनी दिला तो एका अनोळखी माणसाच्या पहिल्या छायाचित्राला दिला नाही. हा विचार त्यांना आवडला नाही. त्यांनी पाते म्यानात घातले.

दार वाजले. बायको चष्मा विसरली होती. टेबलाकडे पाहून ती म्हणाली,

“कडी कशाला घातली होती?”

“वारा येत होता.”

“पात्याला?” ती टेबलापाशी आली. “अहो, एक भोक पाडून झालं, आता दुसरं कशाला? सरळ लिहून टाका की पानावर.”

“लिहिलंय. मसुदा केलाय.”

मसुदा चार पानांचा होता. तिने तो उभ्या उभ्या वाचायला घेतला आणि दुसऱ्या पानावर बसून वाचला. त्यात ठिपके भरण्याच्या परंपरेचा आढावा होता, हेतू आणि परिणाम यांतील भेद होता, आणि ‘पाहणाऱ्याला मदत व्हावी अशा रीतीने चित्रातील महत्त्वाचा घटक पुरेसा मोठा ठेवण्याची जबाबदारी छायाचित्रकारावरही असते’ असे एक वाक्य होते.

“यात ‘चुकलं’ कुठे आहे?” तिने विचारले.

“सगळा रोख तोच आहे.”

“रोख नको. शब्द दाखवा.”

कार्यवाहांनी पाने परत घेतली आणि शोधली. नव्हता.

“पत्ता आहे ना तुमच्याकडे त्या बाराव्याचा?”

“पत्ता कार्यवाह म्हणून आहे. फेरी चालू असताना सदस्यांनी परस्पर भेटायचं नाही.”

“हाही नियम तुमचाच?”

“माझाच.”

“मग मोडा. एक मोडलाच आहे. जा, दार वाजवा, तोंडाने सांगा आणि या. चार पानं घेऊन जाऊ नका.”

बाराव्या क्रमांकाचे घर दुसऱ्या गावी होते, बसने दुपारपर्यंत पोचण्याइतके लांब. शुक्रवारी सकाळी कार्यवाह पेटी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. पेटी टपालाशिवाय हलवायची नाही असाही नियम होता. त्याची त्यांनी आता मोजदाद केली नाही. वाटेत त्यांनी वाक्ये तयार केली. पहिले वाक्य इतके चांगले झाले की ते कबुलीसारखे वाटेना, म्हणून त्यांनी ते सोडले. दुसरे फार दीन झाले. शेजारच्या बाईने विचारले, “पेटीत काय आहे हो? एवढी धरलीय ती?” ते म्हणाले, “फोटो.” ती म्हणाली, “लग्नाचे?” ते म्हणाले, “नाही, इमारतीचे,” आणि तिने मान हलवून खिडकीबाहेर पाहिले.

घर दुसऱ्या मजल्यावर होते. दार एका म्हाताऱ्या माणसाने उघडले. हातात काठी, पाय जरा फाकलेले, अंगात पांढरी बनियन. कार्यवाह त्याच्याकडे पाहतच राहिले. बनियनचा आकार डोळ्यांत साठवून घ्यावा असे त्यांना वाटले, आणि आता त्याचा काही उपयोग नाही हेही कळले.

“कोण हवंय, साहेब?”

“मी छायाचित्र मंडळाचा कार्यवाह.”

“अरे वा! अगं ए, तुझ्या फोटोवाल्यांचे साहेब आलेत. या, या, बसा. मी हळू येतो, माझी गाडी सध्या पहिल्या गिअरमध्येच चालते. तीस वर्षं टॅक्सी चालवली, कधी अशी बसली नव्हती.”

आतून एक चाळिशीची बाई हात पुसत आली. कार्यवाहांच्या यादीत तिचा व्यवसाय नोंदलेला होता: ती इमारतींतल्या लिफ्टची तपासणी करून त्या चालवण्यायोग्य आहेत की नाहीत ते ठरवत असे. कामाचे बूट अजून पायांत होते.

“पेटी हातोहात?” ती म्हणाली. “नियमात तर टपालाने लिहिलंय.”

“लिहिलंय. मला तुम्हाला काही दाखवायचं आहे. माझ्या हातून तुमचं छायाचित्र बिघडलं आहे. चूक माझी आहे.”

असे सांगायचे ठरवलेले नव्हते. तेवढेच बाहेर आले. त्यांनी पेटी उघडली. तिने चित्र घेतले, उजेडाकडे नेले आणि नजर सरळ चौथ्या ओळीवर ठेवली. शोधावे लागले नाही.

“पुसलंत?”

“भरलं. धूळ समजून. पुढचे सदस्य फार बोचरं लिहितात. नव्या माणसाला लागू नये, म्हणून.”

तिने चित्र उलटले, पाने चाळली आणि एक पान मोठ्याने वाचले. “‘नजर ठरेल अशी एकही जागा या चित्रात नाही. सर्व खिडक्या सारख्याच रिकाम्या आहेत.’ हे आधी लिहिलंत की नंतर?”

“भरल्यानंतर.”

म्हाताऱ्याला हसू फुटले. काठी गुडघ्यांत धरून तो इतका हसला की त्याला खोकला आला. “अहो साहेब, रिकामी कशी? मी होतो ना तिथे! भाडं भरल्यासारखा उभा होतो खिडकीत! आणि तुम्ही मला उतरवलंत वर विचारताय, गाडी रिकामी का?”

कार्यवाहांनीही हसण्याचा प्रयत्न केला. ती हसली नाही.

“बाबा, जरा थांबा.” तिने चित्र टेबलावर ठेवले. “शाई लावण्याआधी तुम्हाला तिथे काय दिसलं?”

“पांढरा ठिपका.”

“कसा?”

“मी आठवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. नाही सांगता येत.”

“गोल?”

“नाही सांगता येत.”

“तुम्ही ब्रश घेऊन त्याच्या अंगावर होतात. मी रस्त्याच्या पलीकडे होते. मला खांदा दिसला, हात गजावर दिसला.” तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे कार्यवाहांना तो अधिक जड गेला. “आमच्या कामात रोज एक तरी असा भला माणूस भेटतो. लिफ्टचं दार नीट लागत नाही, म्हाताऱ्यांना त्रास होतो, म्हणून स्विचमध्ये कागदाची घडी कोंबून ठेवतो. दार उघडं राहिलं तरी लिफ्ट चालते मग. सगळे त्याला दुवा देतात. कोणी पडेपर्यंत.”

“हेतू तर चांगला असतो त्याचा,” कार्यवाह म्हणाले, आणि म्हणताक्षणी आपण पुन्हा वाद घालू लागलो आहोत हे त्यांच्या लक्षात आले.

“असतो. मी हेतू तपासत नाही. दार तपासते.”

म्हातारा म्हणाला, “अगं, निगेटिव्ह आहे ना तुझ्याकडे? दुसरा काढ. मी मेलो नाहीये.”

“काढीन. तो प्रश्न नाही.” ती कार्यवाहांकडे वळली. “दुसरी प्रिंट द्याल का पेटीत घालायला, असं विचारायला आलात का?”

हे खरे होते. बसमध्ये, शेवटच्या थांब्यापाशी, तोच विचार त्यांच्या मनात आला होता: नवी प्रत मिळाली, नवे पान मिळाले, तर शनिवारपूर्वी पेटी जशीच्या तशी निघू शकेल आणि भिंगाला काही दिसणार नाही. त्यांनी तो विचार बाजूला सारला नव्हता. फक्त वर येऊ दिला नव्हता.

“आलो होतो,” ते म्हणाले. “थोडंफार त्यासाठीही.”

“देणार नाही. हीच जाईल. तुमच्या पानासकट. त्याखाली तुम्ही काय केलंत ते लिहा. चार ओळींत. मी वाचते, मग पेटी बंद करा.”

त्यांनी तिच्यासमोर लिहिले. पेन दोनदा अडले. ‘चुकलो’ हा शब्द लिहिताना नाही, त्यानंतर पूर्णविराम देताना, कारण तेथे ‘परंतु’ लिहिण्याची त्यांच्या हाताला सवय होती. तिने वाचले, मान हलवली, चित्र पेटीत ठेवले आणि दोरी स्वतःच्या हाताने आवळली. गाठ पक्की होती.

कार्यवाह उठले नाहीत. पेटी मांडीवर घेऊन बसून राहिले. विचारायचे तेच राहिले होते, आणि ते विचारण्यासाठीच आपण आलो होतो हे त्यांना आता कळत होते.

“नियमाप्रमाणे,” ते म्हणाले, “ज्याचं छायाचित्र त्याचा निर्णय. तुम्ही माफ केलंत तर सदस्य राहतो. नाही तर नाही. मी मंडळ सुरू झालं तेव्हापासून आहे. हे दबाव म्हणून सांगत नाही. फक्त… आहे म्हणून सांगतो.”

“आणि तुमच्यावर कधी असा निर्णय करायची वेळ आली होती?”

“एकदा. एका शाळामास्तरांनी माझ्या चित्रावर पेन्सिलीने रेघ ओढली होती. इथून कापलं तर बरं, असं दाखवायला.”

“काय केलंत?”

“काढलं त्यांना.”

खाली रस्त्यावर कोणीतरी दुचाकी चालू करण्याचा प्रयत्न करीत होते. ती चालू होईना. म्हाताऱ्याने आधी मुलीकडे पाहिले, मग कार्यवाहांकडे, मग काठी टेकून तो सावकाश, कोणाचाही हात न धरता, उभा राहिला आणि टेबलाच्या कडेवर तळवा ठेवला.

“अगं, माझ्याकडून माफ कर ना त्यांना. खिडकीत मी होतो, तू नव्हतीस. माझं तर काही म्हणणं नाही. माणूस एवढ्या लांबून, पेटी मांडीवर घेऊन आलाय. समोर येऊन सांगतोय.”

“म्हणून तर मीही समोरच सांगतेय, बाबा,” ती म्हणाली. “यांचं सदस्यत्व संपलं.”